सुहासनं टाकलेला शब्द

सुहास माझ्या बहिणीचा मुलगा. पन्नाशी ओलांडलेली, सरकारी कचेरीत नोकरी, उज्जैनला नानाखेडा भागात घर. मी त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाहीये.

आपल्याला अख्खं उज्जैन ओळखतं असं तो स्वतःच सांगतो, आणि ते बरंचसं खरंही आहे. महाराष्ट्रातून महाकालाच्या दर्शनाला निघालेला आमचा कुठलाही नातेवाईक, नातेवाइकाचा शेजारी, शेजाऱ्याचा साडू, आधी सुहासला फोन लावतो. मग हा रजा टाकतो, स्टेशनवर घ्यायला जातो, गर्दी कधी कमी असते ते सांगतो, रामघाटावर ओळखीच्या गुरुजींकडे पूजा ठरवतो, घरी आणून दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे भाजके गोळे, खाऊ घालतो आणि जाताना देवास गेटच्या स्टँडवर बसमध्ये खिडकीची जागा धरून देतो. बाफले त्याची बायको मंगला करते, पण आग्रह ह्याचा. "अहो, एक तरी घ्या अजून! तुपात बुडवल्याशिवाय बाफला लगता ही नहीं!" या सगळ्याच्या बदल्यात त्यानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही, मागितलं नाही. एकदा मागितलं. तेच सांगायचंय.

त्याची एकुलती एक मुलगी देवश्री गेल्या वर्षी बारावी झाली. गणितात खरंच हुशार, आणि हे मी नातं बाजूला ठेवून म्हणते. तिला बी.एस्सी.ला गणित घ्यायचं होतं आणि पुढचं शिकायला जर्मनीला जायचं होतं. कॉलनीतली झाडून सगळी मुलं कम्प्युटरकडे पळतायत, तिथे नुसतं गणित म्हटलं की लोक विचारायचे, "मग काय, मास्तरीण होणार का?" सुहासलाही आतून धाकधूक होतीच. पण पाहुण्यांसमोर मात्र, "आमची देवश्री जर्मनीला जाणार. गणितात. असल्या मुलांना ते लोक बुलाके लेते हैं!" प्रत्येक पाहुण्याला हे बाफल्यांबरोबर वाढलं जायचं.

आणि नेमके जर्मनीचेच पाहुणे आले. मंगलाची मामेबहीण प्रतिभा आणि तिचे यजमान अनिल. हे अनिलराव तिथल्या विद्यापीठात गणितच शिकवतात. झालं! सुहासच्या अंगात वारं शिरलं. बैठकीतला पंखा नवा आला, पडदे नवे आले.

सकाळी रामघाटावर प्रतिभा पूजेला बसली. अनिलराव, देवश्री आणि मी पायऱ्यांवर सावलीला. त्यांनी सहज विचारलं, "गणितातलं नेमकं काय आवडतं गं तुला?"

"प्रूफ," ती म्हणाली. "उत्तर आलं की नुसतं काय ते कळतं, काका. प्रूफ वाचलं की का ते कळतं. मग कुणाला विचारायला जावं लागत नाही."

ते खूश झाले. मग दोघं काय काय बोलत बसले, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पोरीचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. पूजा आटोपल्यावरसुद्धा दोघं उठायला तयार नव्हते.

हे असंच राहिलं असतं तर काही प्रश्नच नव्हता. पण दुपारी पानं वाढली आणि सुहासनं तोंड उघडलं.

"अनिलराव, तुमच्यापासून काय लपवायचं! हिला तिथे कुठेतरी चिपकवून द्या."

"चिपकवून म्हणजे?"

"ॲडमिशन हो. तुमच्या एका शब्दाचं काम. इथलं काहीही असो, मैं हूँ. तिथे तुम्ही आहात."

"तसं नसतं, सुहासराव. आधी इथली पदवी, मग तिथे अर्ज—"

"अर्ज तर करूच! अर्ज सब जगह होता है. पण आतून कुणी बघणारं पाहिजे ना? जरा बघा ना हो." आणि त्यानं चक्क हात जोडले. उजवा हात डाळीनं भरलेला, तसाच.

प्रतिभानं नजर पानात घातली. मंगला पुटपुटली, "अहो, जेवू द्या त्यांना."

"मी मागतोय का काही? आपलेपणानं बोलतोय. देवश्री, काकांच्या पाया पड."

"सकाळी पडले होते."

"परत पड. त्यात काय झिजतेस?"

देवश्री तूप वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं. कानापर्यंत लाल झालेली. "मला गणित घ्यायचंच नाहीये," ती म्हणाली. "मी बी.कॉम. करणारे. बाबा उगीच सगळ्यांना सांगत असतात."

अनिलरावांनी तिच्याकडे बघितलं. सकाळी घाटावर हीच मुलगी बोलत होती, हे त्यांना आठवणारच. पण सभ्य माणूस. म्हणाले, "बी.कॉम.ही चांगलंच." सुहास हसला. म्हणाला, "आजकालची मुलं, काय करणार!" आणि पुढे त्यानं कुणालाच दुसऱ्या बाफल्याचा आग्रह केला नाही. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच, असं मंगला नंतर म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मी पोरीला वर बोलावलं. "खोटं का बोललीस?"

"मग काय करू, मावशीआजी? हात जोडत होते ते! मला मरून जावंसं वाटलं."

"लाज वाटली ते कळलं. मलाही वाटली. पण त्यापायी स्वतःचं शिक्षण फेकायचं? आता काय घेणार, बी.कॉम.?"

"बोललेय तर घेईन."

बापाचाच हट्ट. माझं डोकं फिरलं, मी तिला खाली हाकललं.

पुढच्या आठवड्यात सांगलीहून कुणाचातरी फोन आला. दर्शनाला येतोय म्हणून. मी खालीच होते, सुहास घरात बनियनवर बसलेला. फोनवर म्हणाला, "अरेरे, मी नेमका बाहेरगावी आहे." पाहुण्याशी तो खोटं बोलला! मंगलाच्या हातातली परात तशीच राहिली. देवश्री दारात उभी होती, तिनंही ऐकलं.

ती आत आली, बापासमोर बसली आणि जर्मनीला फोन लावला. स्पीकरवर. सुहास उठायला लागला तशी म्हणाली, "बाबा, बसा."

"काका, मी खोटं बोलले होते. मला गणितच घ्यायचंय. बाबा मागत होते ना, त्याची मला लाज वाटली."

सरळ बापाच्या तोंडावर. सुहास खाली फरशीकडे बघत राहिला. मला वाटलं, जाऊन हिच्या हातातला फोन ओढून घ्यावा.

अनिलराव म्हणाले, "मला वाटलंच होतं. गणितच घे. तिथेच नीट शिक, मग इकडे अर्ज कर. आणि सुहासराव आहेत का तिथे? सुहासराव, नियम असा आहे की ओळखीच्या मुलीचा अर्ज आला, तर मला निवडीच्या बैठकीतून उठून बाहेर जावं लागतं. हिची बाजू घेणारा एक माणूस कमीच होणार."

सुहासनं मान वर केली. "म्हणजे ओळखीचं नुकसानच?"

"थोडंफार."

"मग... मग तुम्ही आम्हाला ओळखत नाही असंच समजा, अनिलराव." हे तो अगदी मनापासून म्हणाला. पलीकडून हसू आलं, मंगलाही हसली. तो हसला नाही.

देवश्रीनं कॉलेजात गणितच घेतलं. अभ्यास बरा चाललाय. सांगलीकरांना सुहासनं स्वतः उलटा फोन करून बोलावलं आणि पाहुणे पूर्वीसारखे येऊ लागले. स्टेशन, घाट, बाफले, सगळं तसंच. फक्त आता तो त्यांच्यासमोर मुलीचं नाव काढत नाही. कुणी विचारलंच, "मुलगी काय करते?", तर म्हणतो, "शिकतेय," आणि डाळ पुढे करतो.

मी तिला म्हटलं, तूच सांग ना मग पाहुण्यांना. ती म्हणते, "बाबांनी सांगायला पाहिजे." आणि पानं वाढून झाली की आत निघून जाते.