तुमचा गुरू एकच

सुमेधा येशूची झाली तेव्हा तिच्या बाबांनी आरडाओरडा केला नाही. बाबुराव वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले, बुद्धवंदना कधी न चुकवणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "देव सोडायला आपल्या माणसांना किती पिढ्या लागल्या, ठाऊक आहे? आणि तू नवा घरात आणलास." मग त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. धाकटा भाऊ संघर्ष मात्र रोज टोचायचा, "ए हालेलुया, चहा टाक." एका संध्याकाळी त्याने तिचं बायबल गॅलरीतून खाली भिरकावलं. सुमेधा बॅग भरून निघाली.

दादरला प्रार्थनामंडळीतल्या मुलींनी भाड्याने फ्लॅट घेतला होता, तिथे ती राहू लागली. मंडळी चालवायचा हितेंद्र. सगळे त्याला ब्रदर म्हणत. बोलायला गोड, पण शब्द मोडलेला त्याला खपत नसे. नोकरी कुठली धरायची, लग्न कुणाशी करायचं, सगळं त्याला विचारून. शिष्य म्हणजे आज्ञा पाळणारा, हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुमेधाने वर्षभर आज्ञा पाळल्या. घर तुटल्यावर 'आता असं कर' म्हणणारं कुणीतरी तिला हवंच होतं.

मग बाबुरावांना लकवा मारला. डावी बाजू गेली. आई पूर्वीच वारलेली, संघर्षची शिफ्टची नोकरी. शेजारच्या मानसीने फोन करून कळवलं. रविवारची सभा संपताच सुमेधा हितेंद्रपाशी गेली.

"ब्रदर, मी घरी जाते. बाबांचं करायला कुणी नाही."

"ज्या घरात पवित्र शास्त्र फेकलं, तिथे? नांगराला हात घालून मागे बघणारा शिष्य नव्हे. एकाला आधी बापाला मूठमाती द्यायची होती, त्यालाही प्रभूने जाऊ दिलं नाही. वाच जरा."

"वाचलंय. प्रभूने त्याला स्वतःच्या मागे बोलावलं होतं. तुमच्या नाही."

हॉलमधल्या खुर्च्या आवरणारे हात थांबले.

"आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय म्हणत जे त्यांना वाऱ्यावर सोडतात, त्यांना प्रभू ढोंगी म्हणाला, तेही तिथेच आहे," सुमेधा म्हणाली. "आणि तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ, हेही."

"हे तू नाही बोलत, तुझ्यातला सैतान बोलतोय." हितेंद्र लोकांकडे वळला. "आजपासून हिच्याशी कुणी बोलायचं नाही."

कुणी बोललंही नाही. तिच्याच खोलीत राहणारी नूपुर मान फिरवून उभी राहिली. सुमेधा फ्लॅटवर पोचली तेव्हा तिची बॅग दाराबाहेर काढून ठेवलेली होती.

घरी संघर्षने दार उघडलं. "हाकललं वाटतं तुझ्या ब्रदरने?"

"हो."

"तेव्हा आमची आठवण झाली."

"आठवण आधी झाली. म्हणूनच हाकललं."

तो बाजूला झाला, पण बॅगेला हात लावला नाही.

तिने अंग पुसायला घेतलं तर बाबुरावांनी चांगल्या पायाने बादली लाथाडली. "माझ्यावर पुण्य कमवायला आलीस?" जीभ जड झाली होती, राग नाही.

"पुण्यबिण्य काही नाही, बाबा. कुशीवर वळा, नाहीतर पाठीला जखमा होतील."

ती काही संत नव्हती. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. हितेंद्रला, संघर्षला, कधी बाबांनाही मनातल्या मनात शिव्या घालायची. कित्येक दिवस तिला प्रार्थनेला शब्दच सुचले नाहीत.

पुढे बाबुराव काठी धरून उभे राहू लागले. माया वगैरे काही उतू गेली नाही. ती डोळे मिटून बसली की ते टीव्हीचा आवाज वाढवत. एका दुपारी मात्र त्यांनी आपणहून विचारलं, "त्या लोकांनी एवढं केलं, तरी तुझा येशू सुटत नाही?"

"हाकललं त्यांनी. त्याने नाही."

"मग शिष्य म्हणजे काय, तुझ्या मते?"

"त्याच्या मागे चालायचं. पुढचं सगळं दिसत नसलं तरी. त्यापायी माणसं तुटली, तर तेही सोसायचं."

"मला नाही पटत."

"माहितीये."

त्यांनी रिमोट उचलून बातम्या लावल्या. सुमेधा त्यांच्या डाव्या हाताला तेल चोळत बसली. बोटं अजून उघडत नव्हती.