कणगीतला पारा

तळेगावच्या घराला कुलूप लावले आणि सवयीने किल्ली शेजारी द्यायला वळलो. मग आठवले, तेही घर बंदच आहे.

पिशवीत दोन पत्रांच्या स्थळप्रती होत्या. पवनानगरजवळच्या वाडीत माझी भाची वैशाली दिली आहे. पत्रे तिच्या सासऱ्यांना, पोचपावतीसह पाठवली होती. उत्तर आले नाही, म्हणून निघालो. वैशालीला दिवस गेले होते, आणि ती झोपायची त्याच बंद खोलीत तांदळाची कणगी (बांबूची, शेणाने लिंपलेली कोठी) होती. किडे होऊ नयेत म्हणून कणगीत पाऱ्याच्या गोळ्या होत्या. अशा गोळ्या बाजारात राजरोस विकल्या जातात. त्याविरुद्धही माझी पत्रे गेली आहेत.

कामशेतला जीपवाल्याने विचारले, "आबा, बोटिंगला का?"

"नाही, भांडायला."

"मग म्होरं बसा. तितं वारं लागंल."

धरणाचे पाणी मागे हटले होते. काठावर पर्यटकांचे रिकामे तंबू ओळीने उभे होते. बोलायला सोबत कुणी नसले, की अशी दृश्ये फार वेळ पाहिली जातात.

वाडीत पोहोचलो तेव्हा वैशालीच्या सासूने, विहीणबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो तसाच ठेवून आल्याचे कारण सांगितले. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो. ती श्वासातून आईच्या रक्तात आणि तिथून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते. मूल जन्मताना धडधाकट दिसते. पुढे शाळेत त्याचे लक्ष ठरत नाही, बोलणे मागे पडते, पाठ केलेले टिकत नाही, लिहिताना हात अडखळतो. किती पाऱ्याने किती नुकसान, हे एका घरापुरते कुणीच सांगू शकत नाही. माझा संताप नेमका इथे आहे. तेव्हा त्या मुलाला मठ्ठ ठरवून कोपऱ्यात उभे करतील, आणि चौकशीला कणगीपर्यंत कुणीही येणार नाही. या प्रकरणातला फिर्यादी अजून जन्मलेलाच नाही.

"मामा, माझ्या सासूनंबी ह्येच टाकलं व्हतं," विहीणबाई म्हणाल्या. "माझी पोरं काय येडी निघाली व्हय?"

"थोरला दहावीला कितींदा बसला, ते नगं सांगू," व्याही ओट्यावरून बोलले.

"तुमी गप बसा. ते तुमच्यावर गेलंय!"

मी कायद्याकडे वळलो. विहीणबाईंनी हात झटकला. "कायदा तळेगावात. हितं पान वाढलंय, बसा."

"गोळ्या बाहेर निघेपर्यंत या घरचे पाणीही घेणार नाही."

सुनेचा मामा उपाशी परतला, तर वाडीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. वैशाली हळूच म्हणाली, "आत्या (इकडे सासूला आत्या म्हणतात), ते खरंच जातील. माझ्या लग्नातही मांडवातून उठले होते."

विहीणबाई तणतणत उठल्या. कणगीतून फडक्याची पुरचुंडी ओढली आणि थेट चुलीकडे निघाल्या. "घालते इस्तवात, म्हंजे जेवंल ह्यो बाबा!"

मी ओरडलोच. पारा विस्तवावर पडता, तर घरभर वाफ झाली असती. वैशालीला अंगणात पाठवले, दारे-खिडक्या उघडल्या, पुरचुंडी लोणच्याच्या बरणीत पाण्याखाली ठेवून झाकण घट्ट लावले. व्याह्यांनी न सांगता वैशालीची खाट पडवीत नेली. मग मी जेवलो. नाचणीची भाकरी, पिठले. भात मागितला नाही, त्यांनीही वाढला नाही.

"बरनी तेवढी परत धाडा."

"ती आता कुणाच्याच स्वयंपाकघरात जायची नाही, विहीणबाई."

जीपपर्यंत वैशाली आली. "मामा, बाळ नीट असेल ना?"

आयुष्यभर प्रत्येक पत्राला मी मुद्देसूद उत्तर दिले आहे. तिला एवढेच म्हणालो, "डॉक्टरांना सगळे सांग. त्या खोलीत पुन्हा झोपू नकोस."

दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला आलो. तिथल्या एका कार्यालयात बरणी पुढे केली आणि पारा कुठे जमा करायचा, असे विचारले. कारकून खुर्ची मागे सरकवत म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे असं टेबलच नाही. घरी न्या."

गाडीत बरणी मांडीवर घेऊन बसलो. बाजूच्या बाईने लोणचे कशाचे, असे विचारले. बोललो असतो तर ती उठून गेली असती. तळेगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बरणी मागच्या उघड्या गच्चीवर, कुलपात ठेवली आहे. ती कुठे द्यायची, हे विचारणारी पत्रे रवाना झाली आहेत. उत्तर येईपर्यंत तिला याहून सुरक्षित जागा मला तरी दिसत नाही. या घरात आता कुणी जन्माला यायचे नाही.