समोरून पुढे गेलेलं ताट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगणं माझ्या कामाचाच भाग होता तिलाही नाही. गंमत बघा — लोकांच्या न सांगितलेल्या गोष्टी ऐकणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला, आमच्या घरामागे, बागेच्या टोकाला, एक लाकडी खोली आहे. दोन खुर्च्या, घड्याळ, टिश्यूचा डबा, खिडकीबाहेर नासपतीचं म्हातारं झाड. गेली कितीतरी वर्षं मी तिथे समुपदेशन करते. दुपारी त्या खोलीत एक विचित्र उजेड येतो, पाण्याखाली बसल्यासारखा. माणसं त्या उजेडात हळू बोलायला लागतात. मीसुद्धा आत्ता तिथेच बसले आहे. समोरची खुर्ची रिकामी आहे — तुम्ही बसा.

नव्या माणसाला पहिल्या भेटीआधी मी एक कागद पाठवते. ‘येण्यापूर्वी एवढं वाचा.’ इंग्रजीत, आणि आपल्या लोकांसाठी मराठीत. साधाच कागद आहे. भेट पन्नास मिनिटांची. उशीर झाला तर तो तुमच्याच वेळातून जाईल. मी सल्ला देणार नाही — हे वाचून आपली माणसं हमखास बिथरतात. सल्ला नाही तर मग यायचं कशाला? रडू आलं तर येऊ द्या. गप्प बसावंसं वाटलं तर तेही चालेल. बोललेलं या खोलीतच राहील; कुणाच्या जिवालाच धोका असेल तेवढा अपवाद. आणि महिन्यातून एकदा मीही माझ्या सुपरव्हायजरसमोर, म्हणजे एका ज्येष्ठ समुपदेशक बाईसमोर, बसते, माझ्या कामाचा खरेपणा तपासून घ्यायला. चहा मिळणार नाही, हे मात्र मी कागदात लिहीत नाही. ते मराठीत लिहायला हातच धजत नाही.

पाचवा मुद्दा असा आहे: ‘आपण बाहेर कुठे भेटलो, तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत, तर मी साधं बोलेन. हे तुमच्या सोयीसाठी आहे.’

इंग्रज माणूस हे वाचून मान डोलावतो आणि पुढे जातो. आपल्याकडे? आपल्याकडे समोर आलेल्या माणसाला ओळख न देणं म्हणजे उभं भांडण. त्यातून इथे मराठी माणसं असून असून किती? गणपतीत तीच, बारशाला तीच, डोहाळजेवणालाही तीच. म्हणून हा मुद्दा मी प्रत्येक मराठी क्लायंटला तोंडीही समजावून सांगते. मला तो फार आवडायचा. स्वच्छ नियम आहे, असं वाटायचं.

बघा, मी अजून कागदच वाचून दाखवते आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय — दुसरं काय?

मालतीताई. हे त्यांचं खरं नाव नाही. मी नाव बदललंय, नवऱ्याचं काम बदललंय, आणखी दोन-चार गोष्टी बदलल्यात. एक गोष्ट बदलता आली नाही, कारण ती बदलली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

त्या साठीच्या होत्या. हाउन्सलोहून यायच्या, पिकाडिली लाइनने, मध्ये ट्यूब बदलून, सव्वा तास. हाउन्सलोत कुणी पाहू नये म्हणून इतक्या लांब. विमानतळावरच्या एका दुकानात पंचवीस वर्षं उभं राहून काम केलेली बाई. खुर्चीतही टोकावर बसायची, जणू गिऱ्हाईक आलं की उठायचंय. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. पहिल्या तीन भेटींत त्या फक्त नासपतीच्या झाडाकडे बघत बसल्या. चौथ्या भेटीत म्हणाल्या, “मला कुणी वाईट बोलत नाही हो. एव्हरीबडी इज सो नाइस. फक्त ताट पुढे जातं.”

मी विचारलं नाही, कसलं ताट. मराठी बाईला विचारावं लागत नाही.

हळदीकुंकवाचं ताट. बायका ओळीने बसलेल्या, एक जण प्रत्येकीच्या कपाळाला हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावत येते. मालतीताईंपर्यंत आली की हात क्षणभर थांबतो, मग ती गोड हसते, “तिळगूळ घ्या हं मावशी,” आणि ताट पुढच्या बाईकडे जातं. विधवेला कुंकू लावत नाहीत, एवढीच गोष्ट. इंग्लंडमध्ये, दोन-दोन डिग्र्या घेतलेल्या बायकांच्या घरी. मालतीताई म्हणाल्या, “नवरा गेला ते मी सोसलं. पण त्या थांबलेल्या हाताकडे बघवत नाही. आता मी आधीच उठून किचनमध्ये जाते.”

यावर आम्ही तीन महिने बोललो. मी सल्ला देत नाही — कागदावर लिहिलंय ना? पण माणूस एखाद्या दाराशी वारंवार जाऊन परत येत असेल तर आपण ते दार दाखवतो. डिसेंबरच्या शेवटच्या भेटीत मी म्हणाले, “यंदा उठला नाहीत तर काय होईल?” त्या खुर्चीत जरा मागे सरकल्या. मग म्हणाल्या, “बसून राहीन. लावलं तर लावलं. निदान मी पळाले नाही, असं होईल.” जाताना दारात वळून त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला. तो अभिमान अजून आठवतो आणि तोंड कडू होतं.

जानेवारीत आमच्या वीणावहिनींकडे — माझ्या मोठ्या जावेकडे, हॅरोला — संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्यांच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, पोर इथे जन्मलेली, सारखी विचारत होती, “हे खायचं की घालायचं?” शनिवारची दुपार. बाहेर धुकं इतकं की समोरचं घर दिसत नव्हतं. आत हीटिंग, अत्तर, गुलाबपाणी, काळ्या रेशमाची सळसळ. मला ती दुपार नेहमी आवाजाशिवाय आठवते. सगळ्यांचे ओठ हलताहेत, हलवा चमकतोय, आणि मी त्या खोलीतून तरंगत चालले आहे. वहिनींनी माझ्या हातात ताट दिलं होतं. “तू सुरू कर गं, मी वाण आणते आतून,” म्हणाल्या आणि गेल्या.

एक कपाळ, दुसरं कपाळ, तिसरं. सहाव्या खुर्चीवर मालतीताई.

नव्या सुनेच्या त्या मावशी लागत होत्या, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की त्या ओळीत बसल्या आहेत. उठल्या नाहीत. किचनमध्ये गेल्या नाहीत. आणि ताट घेऊन मी आले आहे हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर — कसं सांगू? — सुटकेसारखं काहीतरी आलं. म्हणजे, सगळ्या जगात हीच एक जण आहे जिला माहीत आहे. त्यांनी डोळे मिटले, मान किंचित वर केली आणि कपाळ पुढे केलं.

माझं बोट कुंकवात बुडलेलं होतं.

मी म्हणाले, “तिळगूळ घ्या हं,” आणि पुढे गेले.

इथे मी आजवर जे स्वतःला सांगत आले ते आधी सांगते, मग खरं काय ते. स्वतःला सांगितलं ते असं: मी पाचवा मुद्दा पाळला. ओळख दाखवली नाही. बोट जरा रेंगाळलं असतं, डोळे भरून आले असते, तर कुणी विचारलं असतं — तुम्ही कशा काय एकमेकींना ओळखता? म्हणजे मी त्यांचं गुपित सांभाळलं. छान बसतं ना सगळं? पण साधं कुंकू लावायला ओळख कशाला लागते? त्या ओळीतल्या निम्म्या बायकांची नावंही मला ठाऊक नव्हती, त्यांना लावलंच की. आणि नियमच बघायचा तर आधी ओळख त्यांनीच दाखवली होती. कपाळ पुढे करून.

खरं सांगायचं तर तेव्हा मला पाचवा मुद्दा आठवलाच नव्हता. तो आठवला तासाभराने, वहिनींच्या बाथरूममध्ये बोट धुताना.

मग काय? वहिनींची भीती? वहिनी आत वाण मोजत होत्या. सून फोटो काढून घेत होती. माझ्याकडे कुणीही पाहत नव्हतं, कुणीसुद्धा नाही. हे मी नीट आठवून आठवून पाहिलंय, कारण कुणी पाहत असतं तर बरं झालं असतं. त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. मालतीताईंच्या कपाळाकडे बोट नेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ह्यांचा हॉस्पिटलमधला चेहरा आला. मला वाटलं — नको. आत्ता नको. एवढंच. एखाद्या अडाणी म्हातारीला वाटावं तसं वाटलं. भिंतीवर डिप्लोमा लावलेल्या, दुसऱ्यांना त्यांच्या भीतीची नावं समजावून सांगणाऱ्या मला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. अर्थ त्या दिवशी कळला.

मी मागे वळून पाहिलं नाही. पण ओळ संपवून परत आले तेव्हा सहावी खुर्ची रिकामी होती.

इथवरही कदाचित सावरता आलं असतं. पुढच्या गुरुवारी त्या वेळेवर आल्या. तोच उजेड, तीच खुर्ची, बाहेर नासपतीच्या काळ्या फांद्या. विषय मीच काढला, कारण त्यांनी काढायच्या आत मला काढायचा होता. माझ्या त्या खास आवाजात — मऊ, संथ, ज्या आवाजासाठी लोक माझ्याकडे येतात त्याच आवाजात — मी म्हणाले, “शनिवारी आपण भेटलो. तुम्हाला आठवत असेल, मी कागदात लिहिलंय, बाहेर मी ओळख दाखवत नाही. ते तुमच्यासाठीच होतं.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील — अहो, काय हे? म्हणायला हवं होतं त्यांनी. त्याऐवजी त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्या म्हणाल्या, “सॉरी हं. माझंच चुकलं. पेपरवर लिहिलं होतं, मीच प्रॉपरली वाचलं नाही. तुम्हाला किती ऑकवर्ड झालं असेल!”

आणि मी म्हणाले, “हरकत नाही.”

मी त्यांना माफ केलं! कळतंय ना तुम्हाला? मी.

त्या महिन्यात सुपरव्हायजरसमोर बसले तेव्हा सांगितलं, की एका घरगुती समारंभात क्लायंट भेटली आणि मी मर्यादा पाळली. ताट, कुंकू, बोट — काहीच सांगितलं नाही. इंग्रज बाईला ते कळलं नसतं, असं मनाशी म्हटलं. खरं तर पाच मिनिटांत कळलं असतं. ती म्हणाली, अवघड प्रसंग छान हाताळलास. मी मान खाली घालून हसले. तिला तो विनय वाटला.

मालतीताई आणखी सहा वेळा आल्या. शेवटच्या भेटीत मी नेहमीचा प्रश्न विचारला, इथून काय घेऊन चाललात? त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, “पीस मिळाला. मी उगाच हट्ट करत होते. परवा बर्मिंगहॅमला दुसऱ्या भाचीकडे फंक्शन होतं, मी सरळ किचनमध्ये गेले. आता वाईट वाटत नाही. तिथेच बरं असतं, ऊब असते.” मग पर्समधून तिळाच्या लाडवांचा डबा काढला. मी भेटवस्तू घेत नाही, हाही एक मुद्दा आहे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, “हो हो, वाचलंय मी या वेळी,” आणि डबा परत आत ठेवला.

त्या बागेतून हळूहळू गेल्या. फाटक नीट लावून घेतलं.

ह्यांची तब्येत आता ठणठणीत आहे. रोज सकाळी चालायला जातात.

कागद अजून तोच आहे. गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी आली, तिने पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवून विचारलं, हे का? मी माझ्या त्याच मऊ आवाजात म्हणाले, तुमच्या सोयीसाठी. तिने मान डोलावली.

आणि एक राहिलं. मालतीताईंसाठी कुंकवात बुडवलेलं ते बोट मी पुसलं नव्हतं. ते तसंच शेजारच्या बाईच्या कपाळाला लावलं. तिने डोळे उघडले आणि मला थँक यू म्हणाली.