सवतीची डागडुजी

मशीनकाकू त्या गाडीला सवत म्हणायच्या, आणि लाडानं नव्हे. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्यानं ती कुणाकडून तरी आणली, तेव्हाच ती जुनी होती. गोल दिव्यांची, लांब नाकाची, निळी. तेव्हापासून सुट्टीची प्रत्येक सकाळ तिच्या सेवेत गेली. घरातला नळ गळत असला की "बघू", पण गाडीवर पक्ष्यानं घाण केली की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा. अशानं कुणाचंही डोकं फिरलं असतं. काकूंचं तर फिरायला निमित्तच लागायचं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत त्या.

मशीनकाकू हे नाव पडलं शिलाई मशीनमुळे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. कापड बेतायचं, कापायचं, शिवायचं, आणि मालाच्या व्हॅनचा ड्रायव्हर दांडी मारेल त्या दिवशी व्हॅनही न्यायची. पुढे ड्रायव्हरच्या दांड्या इतक्या वाढल्या की व्हॅन कायमची त्यांच्याच गळ्यात पडली. अरुंद गल्लीतून ती उलटी बाहेर काढताना त्यांनी कुणाला कधी "मागे बघ रे" म्हटलं नाही. आणि घरच्या गाडीत? तिथे त्यांनी शेजारच्या सीटवर बसून रस्ता बघायचा. "तिला माझ्या हाताची सवय आहे," असं नवरा म्हणायचा. घ्या!

मग त्या हाताचंच भलतं झालं. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर पडून राहू लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एकेक शब्द काढायला वेळ लागू लागला. डोकं शाबूत होतं, टोमणेही शाबूत होते, फक्त ते उशिरा पोचायचे. हाताच्या व्यायामासाठी त्याला वरचेवर दवाखान्यात न्यावं लागे आणि दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. भाड्याच्या गाडीवाल्यांना चाकाची खुर्ची दिसली की त्यांना एकदम दुसरीकडे जायचं असायचं. घरची गाडी शेडमध्ये उभी होती, इंजिन एका हाकेला सुरू व्हायचं, पण खालून गंजल्यामुळे तपासणीत नापास झालेली. आणि पास होईपर्यंत, तपासणीला नेण्यापलीकडे, तिला रस्त्यावर काढायची मनाई. "करू या, करू या" म्हणत नवऱ्यानं ते काम लांबवलं होतं.

एके दिवशी लेक आला. एकुलता एक, मायाळू, आणि सगळं आधी ठरवून मग विचारणारा.

"आई, तुम्ही दोघं माझ्याकडे या आता. दवाखाना आमच्या मागच्याच गल्लीत आहे. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे. हे घर काढून टाकू. आणि गाडीचं मी भंगारवाल्याला सांगितलंय, महिनाअखेर घेऊन जाईल."

"कुणाला विचारून सांगितलंस?"

"अगं, त्यात विचारायचं काय? तूच तर म्हणायचीस, जाऊ दे एकदाची ती सवत."

"सवत माझी आहे. मी म्हणेन. तू कोण म्हणणारा?"

नवऱ्यानं मान भिंतीकडे वळवली आणि डाव्या हातानं डोळे पुसले. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांना पुढचं सगळं दिसलं. आज गाडी, उद्या घरातलं शिलाई मशीन, परवा आपण दोघं कोपऱ्यातल्या खोलीत टीव्हीसमोर, आणि हे सगळं कुणीतरी प्रेमानं ठरवलेलं. भीती वाटली की काकूंना राग यायचा, तसा तो आला.

"ऐक. गाडी तपासणीत पास झाली तर यांना दवाखान्यात मी नेईन आणि आम्ही इथेच राहू. महिनाअखेरपर्यंत नाही झाली, तर मी स्वतः बॅगा भरते. तोंडातून ब्र काढणार नाही."

"आई, अख्खा सांगाडा सडलाय तिचा. दुरुस्त करणार कोण?"

"मी."

लेक हसला. "चालेल," म्हणाला, कारण त्याची खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी काकू नवऱ्याची जुनी पँट चढवून, गाडी ठोकळ्यांवर उचलून, जुन्या गोधडीवर आडव्या झाल्या आणि खाली सरकल्या. सवतीचं खरं रूप त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! वरचा निळा रंग आरशासारखा, आणि दारांखालून जाणारी पोकळ कड, जिच्यावर गाडीचा सगळा भार, ती बोटानं दाबली तरी चुरा होत होती. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. तपकिरी पापुद्रे तोंडावर पडले.

"चष्मा... घाल," दारातल्या खुर्चीतून नवरा म्हणाला.

"इतकी वर्षं वरूनच पुसत होतात ना हिला? खाली वाकला असता तर कंबर मोडली असती?"

नवऱ्याच्या उत्तराची वाट न बघता त्या कोपऱ्यावरच्या ठिणगीकडे गेल्या. ठिणगी म्हणजे फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवणारा वेल्डर. काळा, वाळका, बोलण्यात आखडता हात घेणारा.

"काकू, हे तुमचं काम नाही," तो म्हणाला.

"मग तू करतोस?"

"मीपण नाही. त्या सांगाड्यात जीव नाही राहिलेला."

"जीव आहे की नाही ते मी बघते. तू मला वेल्डिंग शिकव."

ठिणगीनं डोक्याला हात लावला, पण शिकवलं. त्याच्या दुकानातल्या तुकड्यांवर काकूंनी हात बसवला. पहिली रेघ गळक्या मेणबत्तीसारखी आली, दुसऱ्या रेघेनं पत्र्याला भोक पाडलं. पण आयुष्यभर सरळ शिवण घातलेला हात होता तो. थोड्याच दिवसांत रेघ रेघेसारखी दिसायला लागली. ठिणगी "हं" म्हणाला, आणि ठिणगीचं "हं" म्हणजे दुसऱ्याचा हारतुरा.

मग ठिणगीकडचं वेल्डिंगचं यंत्र मागून आणून घरी काम सुरू झालं. काकूंनी गाडीखाली पुठ्ठा लावून खडूनं नमुने बेतले, त्यावरून नवा पत्रा कापला, आणि प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी बोटभर माया सोडली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ती माया. तिच्याशिवाय शिवण टिकत नाही, हे त्यांना झोपेतही ठाऊक. जिथे भोक होतं तिथे तुकडा वरून ठेवला, कडेनं वेल्डिंगचे टाके घातले, वर काळा रंग फासला. फाटक्या चड्डीला ठिगळ लावतात तसं, आणि सुबक. एक सुरकुती नाही.

"अगं... आतलं..." नवऱ्यानं सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा. तोंडाची वाफ दवडू नका."

त्याचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागायचा, आणि काकूंकडे वेळ नव्हता.

तपासणीच्या आवारात काकूंनी गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर चढवली. तपासणारे साहेब हातात बारकी हातोडी घेऊन खाली उतरले आणि ठोकत निघाले. टण्ण. टण्ण. टण्ण. काकू वर उभ्या राहून नवऱ्याकडे विजयी नजरेनं बघत होत्या. मग आवाज आला, ठप्प. साहेबांनी पत्र्याच्या कडेत सळईचं टोक घातलं आणि पत्रा जरा उचकटला. आतून मूठभर तपकिरी भुगा खड्ड्यात सांडला.

"हे कुणी केलं?" साहेबांनी वर येत विचारलं.

"मी केलं."

"बाई, हे ठिगळ झालं. खालचा कुजका पत्रा तसाच आहे, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी बसणार. वर्षभरात गंज नवा पत्राही खाईल. नापास. नीट करून परत आणा."

काकू इतक्या लाल झाल्या की साहेब दोन पावलं मागे सरकले. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

संध्याकाळी लेकाचा फोन आला.

"राहू दे ना आई आता. तू प्रयत्न केलास. मी खोके घेऊन येतो."

"महिना संपला का?"

"नाही, पण..."

"मग फोन ठेव."

फोन ठेवून त्या शेडच्या उंबऱ्यावर बसल्या. नवरा खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होता.

"आतलं... काढ... म्हणत होतो."

"मग ओरडून सांगायचं ना!"

"ओरडता..." त्यानं श्वास घेतला, "येत नाही."

काकूंना रडू फुटलं. गाडीसाठी नाही. झटका आल्यापासून त्यांनी या माणसाचं एकही वाक्य शेवटापर्यंत ऐकलं नव्हतं, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं आणि ते फार लागलं. त्यांनी नाक पुसलं, खुर्ची ओढून गाडीच्या अगदी जवळ आणली, तिची चाकं अडवली आणि म्हणाल्या, "बोला. आता मी इथेच बसलेय. सगळं सांगा."

तो बोलला. खूप वेळ लागला. चमकता पत्रा दिसेपर्यंत मागे मागे कापत जायचं. दया दाखवायची नाही. नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवायचा, कडेवर कड चढवायची नाही. आणि आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करायचा, कारण खालची कड कापली की गाडी मधून वाकते आणि दार पुन्हा आयुष्यात लागत नाही.

"म्हणजे कच्चा टाका," काकू म्हणाल्या. "आधी धरून ठेवायचं, मग उसवायचं."

"हां."

उसवण्याचं त्यांना कधीच दुःख नव्हतं. कारखान्यात बाही उलटी लागली तर रडत बसलेल्या पोरींना त्या म्हणायच्या, उसव आणि लाव, कापड काही मेलं नाही. त्यांनी ग्राइंडर घेतला आणि स्वतःची सगळी सुबक ठिगळं कापून काढली. ठिणगी पाइप घेऊन आला, बसवून दिला, आणि कापलेले तुकडे बघून म्हणाला, "शिवण चांगली होती, काकू."

"चांगली होती म्हणून काय पूजा करू? बाजूला हो."

अवघड गेलं ते दुसरंच. पत्रा आखताना हात ऐकेना. डोक्यानं ठरवलं तरी खडू मायेपुरता बोटभर बाहेर जायचाच. इतक्या वर्षांचं वळण, जाणार कुठे? शेवटी नवऱ्यानं डाव्या हातात खडू मागितला. काकूंनी रेघ मारली की तो तिच्या आत दुसरी मारायचा, वाकडीतिकडी, थरथरती, पण बरोबर जागी, आणि काकू त्या रेघेवरून कापायच्या. कधी रेघ मारायला त्याला इतका वेळ लागे की चहा गार होई. काकू थांबायच्या. थांबणं हे त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात कष्टाचं काम होतं, वेल्डिंग त्यापुढे काहीच नाही. मधूनच त्या करवादायच्या, मधूनच तो "घाई... कुणाला?" म्हणून डिवचायचा, आणि शेजारच्यांना वाटायचं, या घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, म्हणजे सगळं ठीक आहे.

महिना संपायला दोन दिवस असताना गाडी पुन्हा तपासणीला गेली, तेव्हा तेच साहेब होते. ते खड्ड्यात उतरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेले. टण्ण, टण्ण, टण्ण. परत उलटे ठोकत आले. सळई घातली, ती शिरली नाही. दारं उघडून लावून पाहिली. मग वर येऊन हात पुसत म्हणाले, "पास."

"अजून एकदा ठोका," काकू म्हणाल्या.

"कशाला?"

"मला ऐकायचंय."

त्यांनी ठोकलं बिचाऱ्यांनी.

तिथून काकू घरी गेल्या नाहीत. नवऱ्याला शेजारी बसवून त्यांनी गाडी थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली, लेकाच्या इमारतीखाली उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. चौथ्या मजल्यावर लेक गॅलरीत आला, त्यानं वाकून खाली पाहिलं आणि तसाच राहिला.

"वर या ना!" तो ओरडला.

"तूच खाली ये! आम्ही वर येत नाही, हेच सांगायला आलोय!"

तो उतरून आला. गाडीभोवती फिरला, खाली वाकला, दाराखालच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. मग तो आईच्या खिडकीशी आला.

"पण आई, तू थकशील तेव्हा?"

"थकले की मी सांगेन. तोवर तू विचारायचं. ठरवायचं नाही."

लेकाचा चेहरा लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता आणि काकूंना त्याची कीवही आली, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. मग त्यानं खिडकीतून आत बघत विचारलं, "बाबा, सुट्टीच्या दिवशी मी येऊ का तुमच्याकडे?"

नवऱ्यानं तोंड उघडलं. मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला होता आणि हॉर्नवर हॉर्न मारत होता. काकूंनी हँडब्रेकला हात लावला नाही.

"ये," तो म्हणाला. "राहायला... ये. घर... आमचं... आहे."

त्याचं वाक्य पुरं झालं, तेव्हा काकूंनी गिअर टाकला.