कणीक मुरेपर्यंत

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोळीभाजी केंद्र आहे. तिथल्या काकूंचं नाव मी कधी विचारलं नाही. पहाटे पाचपासून त्या उभ्याने पोळ्या लाटतात. दुपारी दोनला मात्र शटर अर्धं खाली येतं. आत त्या खांदे गोल फिरवतात, भिंतीला टेकून पाठ ताणतात आणि चटईवर चक्क झोपतात. बरोबर तीनपर्यंत.

एकदा अडीचलाच मी शटर वाजवलं. रात्री चार तास झोप, पहाटे जिम, मग दिवसभर घरून ऑफिस. गुडघा ठणकत होता आणि मला त्याचाही अभिमान होता.

"काकू, चार पोळ्या द्या ना. आम्हा नोकरीवाल्यांना नाही हो परवडत दुपारी झोपायला," मी जरा टोचूनच म्हटलं.

त्या उठल्यासुद्धा नाहीत. पडल्यापडल्याच ओल्या फडक्याखालच्या परातीकडे त्यांनी बोट दाखवलं.

"कणीक मुरतेय. आत्ता लाटली तर पोळी वातड होईल, आणि उद्या तूच तक्रार घेऊन येशील. कणकेला वेळ देते, मग मला नको? तीनला ये."

एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

मी तणतणत घरी आले. तेवढ्यात साहेबांचा फोन. ताबडतोब मीटिंगला बस म्हणाले.

"तीननंतर बसते, सर."

"का? आजारी आहेस का?"

"नाही. आजारी पडायचं नाहीये, म्हणून."