चौसष्टातले खरे आठ

"कार्ड रीड-ओन्ली झालंय," मी म्हणाले. सलीमभाईंनी मशीनकडे न बघता बायकोकडे बघितलं. रेहानाभाभी इनक्युबेटरच्या काचेशी स्टूल टाकून बसल्या होत्या. नजर थर्मामीटरवर, हात हीटरच्या बटणावर. तापमान वर गेलं की बंद, खाली आलं की चालू. सकाळपासून हेच चाललं होतं. आत गावरान कोंबड्यांची अंडी होती आणि पिल्लं बाहेर यायला दोन दिवस उरले होते.

कासार आंबोलीतली ही छोटी हॅचरी. सलीमभाई आधी हिंजवडीत कंपनीची कॅब चालवायचे. या मशीनच्या भरवशावर त्यांनी ती गाडी विकली. मशीन सांभाळणारा कंट्रोलर माझा. आयटीतली नोकरी सोडल्यापासून मी असले कंट्रोलर बनवते. त्याच्या आत तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर, म्हणजे बोर्ड, असतो आणि त्याचं सगळं सॉफ्टवेअर नखाएवढ्या एसडी कार्डावर असतं. ते कार्ड मेलं होतं. कार्डं मरतात, त्यात नवल नाही. माझ्याकडचं स्पेअर मी त्याच सकाळी दुसऱ्या क्लायंटला देऊन बसले होते, म्हणून सलीमभाईंना नवी कार्डं आणून ठेवायला सांगितलं.

नवल हे, की नवं कोरं कार्डही चालेना. लॅपटॉपवरून त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं. लिहिलेलं पुन्हा वाचून 'सक्सेसफुल' असा निर्वाळाही मिळाला. बोर्ड छान चालू झाला, हीटर चालू-बंद करणारा रिले टकटक वाजला आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर फाइलसिस्टिम एररची रांग लागली. कुठली फाइल कार्डावर कुठे ठेवलीय, याची जी व्यवस्था असते ती फाइलसिस्टिम. तिच्यात घोळ दिसला की कॉम्प्युटर धसका घेतो आणि कार्डावर लिहिणं बंद करतो. हेच ते रीड-ओन्ली. ते झालं की माझा प्रोग्राम गप्प.

पहिला संशय चार्जरवर. मोबाइलचा चार्जर लावला होता आणि तो बोर्डाला पुरत नाही. मी माझा अडॅप्टर लावला, कार्ड परत लिहिलं. तोच प्रकार. मग दुसरं नवं कार्ड काढलं. तेही तसंच. आता बोर्डच गेला की काय, अशी शंका आली. हिंजवडीत बसलेल्या माझ्या पार्टनरला फोन लावला.

"उद्या दुपारपर्यंत नवा बोर्ड पाठवतो," तो म्हणाला.

"उद्यापर्यंत अंडी तरी उकडतील नाहीतर गारठतील. तू ट्रॅफिकमध्ये बसून ऑम्लेट खा."

फोन ठेवला आणि सलीमभाईंना विचारलं, "कार्डं कुठून आणलीत?"

"दोन्ही येकाच ठिकाणची हायेत. हिंजवडीला रस्त्याच्या कडंला गाडीवाला बसतो, त्याच्याकडनं. चौसष्ट जीबी, लई स्वस्त! म्हनलं मोठंच घिऊ, परत कटकट न्हाई."

मी दातओठ खाल्ले, पण मनातल्या मनात. कार्डाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारा एक प्रोग्राम असतो. तो कार्डावर दूर दूर खुणा लिहितो आणि परत वाचून बघतो. तो चालवला. दोन्ही कार्डांत खरी जागा आठ जीबी. बाकी सगळी थाप.

"सलीमभाई, तुमचा गाडीवाला प्लॉटिंगवाला निघाला. फ्लेक्सवर चौसष्ट गुंठे, जागेवर आठ. पुढं ओढा."

"आन तुमी वढ्यात बांधलं व्हय?"

अगदी तसंच झालं होतं. माझं सॉफ्टवेअर चार जीबीचं. लिहिणं आणि तपासणं, दोन्ही खऱ्या जमिनीवरच झालं. पण पहिल्यांदा सुरू होताना सिस्टिम आपणहून पूर्ण कार्डभर पसरते. ती पसरली आणि बुडाली.

सलीमभाई बाइकची किल्ली घेऊन उठले. "कोथरूडास्नं चांगलं आनतो. दिवस मावळायच्या आत येतो."

"अवो, तवर हे हाताबाहेर जाईल," भाभी म्हणाल्या. तापमान आता फारच वर-खाली व्हायला लागलं होतं. "ताई, कायतरी करा. ही बॅच गेली, तर हे परत कॅबवर जातील. मग कवा घरी न्हाई का दारी न्हाई."

मग सलीमभाईंना जरा थांबवून मी पसरण्याचाच बंदोबस्त केला. कार्ड पुन्हा लिहिलं आणि सिस्टिमला पसरायला सांगणारी सेटिंगमधली ओळ खोडून टाकली. चार जीबीतच राहा म्हटलं. बोर्ड सुरू झाला. आम्ही तिघंही स्क्रीनसमोर उभे. चहा आला, त्यावर साय धरली. एरर आली नाही. तापमान हळूहळू जागेवर आलं आणि तिथंच थांबलं. मला एवढं हलकं वाटलं, की मी तो साय धरलेला चहा एका घोटात संपवला.

चांगलं कार्ड सलीमभाईंनी संध्याकाळी आणलंच, पण बॅच निघेपर्यंत मी चालत्या मशीनला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाभींचा व्हिडिओ आला. पिल्लांची नुसती चिवचिव, आणि मागून सलीमभाईंचा आवाज, "अगं, मोजू दे की जरा!" मला रडू आलं, खरं सांगते. मोजणी त्यांनी नंतर कळवली. थोडी अंडी गेली होती, बाकी बॅच तरली.

हल्ली मी प्रत्येक नवं कार्ड आधी काठोकाठ भरून बघते, मगच त्यावर काही लिहिते. 'सक्सेसफुल'चा अर्थ एवढाच, की जेवढं तपासलं तेवढं बरोबर आहे.