थांबलेले पंखे

रेवा, चिन्मय, "आई, आमचा गेम खेळायचा कॉम्प्युटर विकून टाक," असं तुम्ही काल फोनवर म्हणालात. उत्तर देण्याआधी परवाची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी.

तुम्ही परदेशी गेल्यापासून दर शनिवारी मी तो मऊ ब्रशने पुसते आणि पाच मिनिटं चालू ठेवते. परवा पहिल्यांदाच त्याच्या बाजूच्या काचेतून आत नीट पाहिलं, तर गेमची चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे तिन्ही पंखे थांबलेले. माझ्याच हातून बिघडलं असणार, म्हणून दुरुस्तीच्या दुकानातल्या मनीषाताईंना बोलावलं.

"काकू, काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "काम नसलं की कार्ड तापत नाही, आणि तापल्याशिवाय हे पंखे फिरत नाहीत."

"मग फिरवायचे कसे?"

"तुम्ही खेळायला बसा."

त्यांनी तुमचा मोटारींचा गेम लावून दिला. मी गाडी दोनदा भिंतीवर घातली.

"रोज रिक्षानेच जाता ना?" मनीषाताईंनी विचारलं.

थोड्या वेळाने पंखे फिरू लागले आणि मागच्या जाळीतून गरम वारा आला. याच वाऱ्याने खोली तापते म्हणून मी तुमच्यावर कुरकुरायचे. परवा मात्र कितीतरी वेळ तिथे हात धरून बसले.

घरातलं मोठं पातेलं, जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या, काहीच मोडलेलं नाही. त्यांना काम उरलेलं नाही, इतकंच. माझंही बहुधा तसंच असावं.

विकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. कार्ड शाबूत आहे. तिन्ही पंखे फिरतात.